शांत डब्यातली निळी पेटी

१

लूर्स सरांनी पेटीचं झाकण उघडलं आणि डबाभर धुरावलेल्या माशाचा वास पसरला.

हा शांत डबा. इथे फोनवर बोलायचं नाही, मोठ्यानं हसायचं नाही, आणि शिंक आली तर लोक असे बघतात की पुढच्या स्टेशनावर उतरून जावंसं वाटतं. अशा डब्यात सर जोरात ओरडले, "अरे देवा, हे काय?"

पेटीत कागदात गुंडाळलेले दोन जाडजूड वाम होते, शेपटीसकट. बाजूला काळ्या पावाचे तुकडे आणि दाबून बंद करायच्या एका पारदर्शक पिशवीत चिमुकली बरणी. बरणीत तिखट मुळ्याची पांढरी चटणी.

त्या जागी अस्थिमज्जेच्या पेशींची पिशवी असायला हवी होती. सकाळी हॅम्बुर्गच्या रुग्णालयात ती मी स्वतःच्या हातानं पेटीत ठेवली होती. कुणा दात्यानं दिलेल्या त्या पेशी झ्युरिकला एका बाईसाठी चालल्या होत्या. तिचं नाव आम्हाला कधीच सांगत नाहीत. तिची स्वतःची मज्जा औषधांनी पार जाळून टाकली आहे, एवढंच ठाऊक होतं. म्हणजे तिला आता मागे फिरायला वाट नव्हती. पेशी पोचल्या तर ती जगणार होती, नाही पोचल्या तर नाही.

मी इमके ब्रोडर्सन. अशा पेट्या कुणी आणि कशा न्यायच्या हे ठरवणं माझं काम, आणि ही पेटी विमानाऐवजी गाडीनं न्यायची हा हट्टही माझाच. या पेशींवर एक्स-रे पडता कामा नये. पत्र दाखवलं की विमानतळावर पेटी हातानं तपासतात, नाही असं नाही. पण दर वेळी नवा माणूस आणि नवी हुज्जत. मागच्या खेपेला हुज्जत संपेपर्यंत विमान उडून गेलं. गाडीत कोण तपासतंय? चढा, बसा, उतरा. वेळ थोडा जास्त लागतो, पण डोक्याला ताप नाही. वर्षभर मी आमच्या मोठ्या साहेबांचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे ते म्हणाले, "बरं बाई, एकदा करून दाखव."

हे ते करून दाखवणं होतं. लोकांचं लक्ष जाऊ नये म्हणून पेटीही साधी, कुठल्याही दुकानात मिळते तशी निळी, वर एक अक्षर नाही. ही अक्कलसुद्धा माझीच.

माझ्या शेजारी आल्मुट आत्या बसली होती. हॅम्बुर्गच्या पोलिसांत चोर-खुनी पकडण्यात तिची हयात गेली. आता निवृत्त होऊन झ्युरिकच्या मैत्रिणीकडे निघाली होती, आणि माझ्या कामात नाक खुपसणार नाही असं कबूल करून सोबत आली होती.

"झाकण लाव," ती म्हणाली. "आणि सर, तुम्ही रडू नका. रडायला मॅनहाइमनंतर वेळ आहे."

फ्रँकफर्ट नुकतंच मागे पडलं होतं आणि पुढचं स्टेशन मॅनहाइम. कबूल केलेलं आत्या विसरली होती. मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

२

लूर्स सर निवृत्त मुख्याध्यापक. आमच्याकडे हौसेनं पेट्या पोचवतात. त्यांचे नेम फार. गाडीत ते कायम उलटे बसतात, पाठ इंजिनाकडे करून. ब्रेक लागला तर पाठ खुर्चीत रुतते, नाक टेबलावर आपटत नाही, असं त्यांचं शास्त्र. फ्रँकफर्टचं स्टेशन बंद टोकाचं आहे. गाडी जिकडून शिरते तिकडूनच उलटी बाहेर पडते, त्यामुळे तिथे हा नेम मोडतो आणि सर हळहळतात. आज त्यांना हळहळायचंही सुचलं नव्हतं.

"पेटी हातातून कधी सुटली?" आत्यानं विचारलं.

"सुटली नाही हो! जवळच होती."

"सर, परीक्षा नाही ही. खरं सांगा."

सरांनी मान खाली घातली. कासेल स्टेशन गेल्यावर मी आणि आत्या सूप प्यायला उपाहाराच्या डब्यात गेलो होतो. तेवढ्यात वाढपी कॉफी घेऊन आला, गाडीला हिसका बसला, आणि कॉफी सरांच्या विजारीवर. सर पेटी घेऊनच धुवायला गेले. पण संडासातली जमीन ओली होती.

"ओल्यात कशी ठेवणार? म्हणून दाराबाहेर ठेवली. खाली, जमिनीवर. दार उघडंच होतं. फक्त नळाकडे वळलो, विजार पुसण्यापुरता."

"आणि मग तीच उचलून जागेवर आलात."

"तीच वाटली मला," सर म्हणाले.

वाढप्याचं नाव मिर्को. त्याला बोलावलं तेव्हा माझा तोल सुटला. कॉफी नेमकी आमच्याच माणसावर कशी सांडली, कुणी सांगितलं होतं, किती दिले, असं मी बरंच बोलले.

"ताई," मिर्को शांतपणे म्हणाला, "या गाडीत मी रोज कुणावर तरी कॉफी सांडतो. पैसे मिळत असते तर आत्तापर्यंत समुद्रकाठी घर घेतलं असतं."

आत्या हसली. "दुसरी निळी पेटी कुठे पाहिलीस का रे?"

"पाहिली ना. हिरव्या टोपीवाल्या बाईंची. हॅम्बुर्गला मीच चढवली. संडासासमोरच्या फळीवर, अगदी वरती. बाई बुटक्या, हात पोचत नव्हता त्यांचा."

आत्यानं चष्मा काढून पुसला. तिच्या डोक्यात काही जुळलं की ती चष्मा पुसते. "ऐकलंस, इमके? एक पेटी जमिनीवर, दुसरी माणसाच्या डोक्यावर. अशी अदलाबदल चुकून व्हायला पेटीला पाय फुटायला हवेत. कुणीतरी ती वरची खाली काढली आणि सरांची वर चढवली. बुटक्या बाईंचं काम नव्हे ते. उंच माणूस हवा."

"मी पाच फूट पाच," मिर्को घाईनं म्हणाला. "त्यांची पेटी चढवतानासुद्धा बाकावर उभा राहिलो होतो."

"मग कोण?" मी विचारलं.

"कसला हो हा वास, ब्रोडर्सनबाई?" मागून आवाज आला. डब्याच्या दारात मान वाकवून एक ताडमाड माणूस उभा होता.

३

फोल्कमार ब्रांडाउ. आमच्याच संस्थेतले. विमानानं जाणाऱ्या पेट्यांचं सगळं त्यांच्याकडे. माझा गाडीचा हट्ट चालला तर त्यांचं खातं निम्मं होणार, हे ऑफिसात शिपायालाही ठाऊक होतं.

"तुम्ही इथे कसे?"

"सकाळच्या विमानानं फ्रँकफर्टला आलो, एक बैठक उरकली आणि आत्ता चढलो. म्हटलं तुमचा पराक्रम झ्युरिकला डोळ्यांनी बघावा."

झालं ते सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी सांगितलं. ब्रांडाउ साहेबांनी डोळे मिटून सुस्कारा सोडला.

"वर्षभर काय कंठशोष करत होतो मी? विमानाचं दार एकदा बंद झालं की आतला माणूस आणि आतली पेटी, दोघं उतरेपर्यंत जागच्या जागी. आणि ही तुमची गाडी! जो उठतो तो चढतो, वाटेल तिथे हिंडतो."

हे त्यांचं म्हणणं मला कधीच खोडता आलं नव्हतं. मी नुसती धुसफुसत राहिले.

"आणि माणूस तरी कोण निवडलात? मघाशी डब्यातून जाताना पाहिलं ना मी. गाडी सुसाट चाललीय, आणि हे उलटे बसून डोळे मिटून डुलतायत. पेटी पायांत. अशानं गरगरणार नाही तर काय होणार?" मग आवाज मऊ करून म्हणाले, "असो. घाबरू नका. पेटी गाडीतच असणार, जाते कुठे? झ्युरिकला सगळे उतरले की सापडेल. मी आहे ना."

सर बिचारे आणखी खाली वाकले. मला वाटलं, आत्या आता या माणसाला फाडून खाईल. ती म्हणाली, "ब्रांडाउ साहेब, किती धीर देता हो तुम्ही! बसा. मिर्को, साहेबांना कॉफी दे. जपून." आणि माझं मनगट धरून तिनं मला डब्याच्या टोकाशी नेलं.

सामानाची वरची फळी रिकामी होती. तिला लागून असलेली खिडकीजवळची जागाही रिकामी. जागेवरच्या छोट्या पाटीवर राखीव प्रवासाची अक्षरं उजळलेली होती: हॅम्बुर्ग – झ्युरिक.

"झ्युरिकला चालली आहे ती!" मला हायसं वाटलं. "म्हणजे गाडीतच कुठेतरी असेल."

"त्या हिरव्या टोपीवाल्या ना?" शेजारचे गृहस्थ वर्तमानपत्रातून डोकावले. "त्या फ्रँकफर्टला उतरल्या. ही जागा त्यांची नव्हतीच. ज्यानं राखली तो आला नाही, म्हणून त्या बसल्या. निळी पेटी मीच काढून दिली त्यांना."

न आलेल्या माणसाच्या राखीव जागेवर खुशाल बसायचं ही आपली रोजचीच रीत. मीही शंभरदा बसले असेन. आणि पाटी मात्र न आलेल्या माणसाचाच प्रवास दाखवत राहते. पेशी गाडीत नव्हत्या. त्या फ्रँकफर्टच्या गर्दीत, वाम समजून कुणीतरी घेऊन चाललं होतं.

"घरी जाऊन उघडेल, तेव्हा कळेल तिला," मी पुटपुटले. "पोलिसांना फोन करेल."

"घरी गेली असती तर चाललं असतं गं," आत्या म्हणाली. एवढ्या वेळात पहिल्यांदा तिचा चेहरा काळजीचा दिसला. "पण ती घरी चाललेली नाही."

४

ब्रांडाउ साहेब कॉफी ढवळत होते. आत्या त्यांच्यासमोर बसली.

"साहेब, सर उलटे बसलेले तुम्ही कधी पाहिलेत?"

"सांगितलं ना. चढलो तेव्हा. गाडी सुटल्यावर."

"फ्रँकफर्टला."

"हो."

"आता जरा बघा त्यांच्याकडे."

आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. लूर्स सर त्यांच्या त्याच खुर्चीत बसले होते. खिडकीबाहेरची झाडं समोरून येत होती आणि सरांच्या मागे जात होती.

"सर हॅम्बुर्गपासून उलटे बसले होते," आत्या म्हणाली. "फ्रँकफर्टला गाडीची दिशा फिरली, तेव्हापासून सुलटे आहेत. गाडी सुसाट चालली आहे आणि सर उलटे बसलेत, हे फ्रँकफर्टच्या आधीच दिसू शकतं. म्हणजे तुम्ही विमानानं आला नाहीत. याच गाडीत होतात. आणि फळीवर हात पोचेल एवढे उंच तर आहातच."

"ही काय चौकशी आहे? कुणी अधिकार दिला तुम्हाला?" ब्रांडाउ उठायला लागले. मिर्को वाटेत उभा होता. तो हलला नाही.

"बसा. तुम्ही राक्षस नाही, हे मला ठाऊक आहे. त्या बाईचा जीव तुम्हाला घ्यायचा नव्हता. सरांची काही चूक पकडावी म्हणून मागावर होतात, आणि पेटी दाराबाहेर दिसली. समोर तशीच दुसरी पेटी. दुसरीच्या मालकिणीच्या डोक्यावर पाटी: झ्युरिक. मग काय हवं? पेशी झ्युरिकला आपोआप पोचतील, तोपर्यंत इथे सगळ्यांची भंबेरी उडेल, आणि शेवटी पेटी तुम्ही शोधून द्याल. गाडीची अब्रू जाईल, तुमचं खातं राहील. बरोबर?"

ब्रांडाउंनी कॉफीचा कप बाजूला सारला.

"पण साहेब, विमानात ज्याची जागा तोच बसतो आणि मधे कुणी उतरत नाही. जन्मभर विमानांचा व्यवहार केलात, आणि तोच हिशेब गाडीत लावलात. ती जागा त्या बाईची नव्हती. ती फ्रँकफर्टला उतरली. तुमची पेटी घेऊन."

"उतरली?" त्यांनी एकदम वर पाहिलं. "नाही. पाटीवर स्पष्ट..." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "तिचा पत्ता काढता येईल. घरी गेली असेल ती. पेशी थंड आहेत, अजून वेळ आहे."

मग आत्यानं सरांच्या पायांतली पेटी टेबलावर घेतली, झाकण उघडलं आणि ती पारदर्शक पिशवी त्यांच्यासमोर धरली.

"गाडीनं माहेरी जाणारी बाई चटणी नेईल तर बरणीभर नेईल. एवढीशी, आणि तीही आरपार दिसणाऱ्या पिशवीत बांधून कोण नेतं, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?"

ब्रांडाउंनी ती पिशवी हातात घेतली. "विमानतळ," ते म्हणाले. "तपासणी. विमानात पातळ पदार्थ अशा चिमुकल्या बरणीत, असल्या पिशवीतच न्यावे लागतात. ती पेटी एक्स-रेच्या यंत्रात घालणार."

फ्रँकफर्टच्या स्टेशनापासून विमानतळ म्हणजे लोकलनं चहा पिऊन होईस्तोवरचं अंतर. ती बाई आत्तापर्यंत रांगेत उभी असेल.

५

विमानतळाचा नंबर मी लावला. गोड आवाजाच्या यंत्रानं मला सामान हरवलं असेल तर एक दाबा म्हणून सांगितलं. दुसरा लावला. वाट बघा, तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे.

"तपासणीवर कोण असतं ते तुम्हाला माहीत आहे," मी ब्रांडाउंना म्हणाले. "तुम्हीच पेट्या सोडवून घेता तिथून."

"यिल्दिझ मॅडम," ते म्हणाले. "आयला यिल्दिझ." फोन खिशातून काढून त्यांनी हातात धरला, पण लावला नाही. "पेटी तिथे कशी गेली, असं त्या विचारतील. त्यांचे फोन नोंदवले जातात. बावीस वर्षं झाली मला या कामात, ब्रोडर्सनबाई. दोन मुली शिकतायत."

मी आयुष्यात कुणावर हात उगारला नाही. त्या क्षणी उगारला असता. पण मारून फोन लागत नाही. मी त्यांच्या समोर वाकले आणि म्हणाले, "साहेब, आपण दोघं वर्षभर भांडलो ते कशासाठी? पेशी नीट पोचाव्यात म्हणूनच ना? तुम्ही विमान म्हणालात, मी गाडी म्हणाले. मग पोचवा की आता."

त्यांनी नंबर लावला. मी फोनचा आवाज मोठा करून टेबलावर ठेवायला लावला. शांत डबा होता, पण कुणी हूं की चूं केलं नाही. सकाळपासून सगळ्यांना गप्प करणारी पलीकडची म्हातारी म्हणाली, "मोठ्यानं बोला. नीट ऐकू जाऊ दे त्यांना."

"ब्रांडाउ? आज पेटीबिटी नाही ना तुमची?" यिल्दिझ मॅडमचा आवाज दमलेला होता.

"आहे. निळी, कसलंही नाव नसलेली. एका बाईंच्या हातात. हिरवी टोपी, बुटक्या. ती यंत्रात जाता कामा नये. पट्टे थांबवा."

"कुठले पट्टे? इथे सतरा रांगा आहेत. कुणाच्या तरी डब्यासाठी सगळं बंद करू? आणि त्या बाईकडे तुमची पेटी आहे हे तुम्ही कशावरून सांगता?"

ब्रांडाउंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग फोनकडे वाकून म्हणाले, "कारण ती तिच्या सामानात मीच ठेवली. जाणूनबुजून. मॅडम, एका माणसाचा जीव आहे त्यात. आधी थांबवा, मग मला काय म्हणायचं ते म्हणा."

मग मॅडम कुणावर तरी तुर्कीत आणि जर्मनमध्ये एकदमच ओरडल्या, आणि पावलांचा आवाज झाला. आम्ही सगळे त्या फोनकडे बघत होतो. लूर्स सरांनी डोळे घट्ट मिटले होते. आत्यानं माझा हात इतका दाबला की नखं रुतली.

"सापडल्या," मॅडम धापा टाकत म्हणाल्या. "पेटी पट्ट्यावर होती. यंत्राच्या तोंडाशी. आत गेलेली नाही, मी स्वतः उचलली. ऐकताय ना? आत गेलेली नाही. आणि या बाई विचारतायत, माझे वाम कुठे आहेत?"

डब्यात कुणीतरी हसलं, कुणीतरी टाळी वाजवली. मला मात्र पुढचं ठरवायचं होतं.

लूर्स सर मॅनहाइमला उतरून उलटे विमानतळावर जाऊ शकत होते. तिथून पेटी घेऊन पुढच्या गाडीनं झ्युरिक. उशीर झाला असता, पण पेटी गाडीनंच पोचली असती आणि मोठ्या साहेबांना मला सांगता आलं असतं की अडचण आली तरी गाडी पुरी पडली. दुसरीकडे यिल्दिझ मॅडम सांगत होत्या की झ्युरिकचं विमान दारात उभं आहे, पेटी त्या हातानं तपासून देतील, आणि कॅप्टन ती स्वतःजवळ ठेवायला तयार आहे. वर्षभराचं माझं भांडण एका तोंडी होकारानं मातीत जाणार होतं. वाईट वाटलं. खूप वाटलं.

"विमानानं पाठवा," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

ब्रांडाउंनी मान वर केली. आनंद त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता. मॅनहाइमला रेल्वे पोलीस डब्यापाशी उभे होते, आत्यानं मधल्या वेळात कळवलं होतं. कोट घालून ब्रांडाउ मुकाट्यानं त्यांच्याबरोबर उतरले. फलाटावरून एकदा वळून त्यांनी आमच्या खिडकीकडे पाहिलं. मी नजर वळवली नाही.

कार्ल्सरुहं स्टेशन गेल्यावर मोठ्या साहेबांचा फोन आला. ते खूश होते आणि रागावलेलेही होते. "म्हणजे शेवटी विमानानंच वाचवलं, इमके. गाडीचा विषय संपला, असं समजू ना?"

"समजू नका," मी म्हणाले. "एकट्या माणसाच्या हाती पेटी द्यायला नको होती, आणि बिननावाची पेटी ही माझी चूक. दोन्ही सुधारून आणते. सोमवारी सकाळी मी तुमच्या दारात उभी असेन. भांडायला."

"तू सुधारणार नाहीस," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

बाझेल येईपर्यंत आत्या झोपली होती. झ्युरिकच्या रुग्णालयातून एका परिचारिकेचा फोन आला. पिशवी शाबूत आहे, पेशी जिवंत आहेत, चढवायला सुरुवात केली आहे. बाईंना काही निरोप द्यायचा का, असं तिनं विचारलं. निरोप द्यायची आम्हाला परवानगी नसते, हे तिलाही ठाऊक असणार. मी नाही म्हणाले आणि शांत डब्यात हमसाहमशी रडले. कुणी वळून पाहिलं नाही. त्या बाईला आता सोमवार बघायला मिळणार होता.